डावखुऱ्यांचा बॅडमिंटन क्लब

एडिनबराला मास्टर्स करायला गेले तेव्हा विद्यापीठाच्या बॅडमिंटन टीममध्ये माझी निवड झाली, आणि डबल्सला पार्टनर मिळाली ती लंडनजवळच्या वॉटफर्डची. आईवडील पुण्याचे डॉक्टर, ही मात्र तिकडचीच. तिचं मराठी भरधाव होतं, फक्त त्यात तिन्ही लिंगं गुण्यागोविंदानं नांदायची. "माझा बूट फाटली," ती म्हणायची, आणि बूट खरोखरच फाटलेला असायचा.

मॅचेस बुधवारी दुपारी. नेमकी तेव्हाच माझी सँडविचच्या दुकानात शिफ्ट. मॅच असली की शिफ्ट बुडायची, आणि ती बाहेरगावी असली तर वर बसचं भाडं आपल्याच खिशातून. कारण स्पोर्ट्स युनियनची मिनीबस कायम रग्बीवाल्यांकडे. त्यांच्या थर्ड टीमलासुद्धा ती मिळायची, आणि ती टीम जिंकल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

एकदा अ‍ॅबर्डीनहून हरून, बसमध्ये अवघडून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी थेट युनियनच्या प्रेसिडेंटकडे गेलो. तो अर्थातच रग्बीचा. दाराएवढा रुंद, पण वागायला अतिशय सभ्य.

"निदान प्रवासखर्च तरी द्या," मी म्हटलं. "आणि शिफ्ट बुडते, त्याची थोडी भरपाई."

"पण आपण अमॅच्युअर आहोत ना!" तो कळवळून म्हणाला. "आपण प्रेमापोटी खेळतो."

त्याच्या अंगात युनियननं दिलेलं कोरं जॅकेट होतं, छातीवर त्याच्या नावाचं भरतकाम.

"आणि ही जॅकेट कोणाच्या प्रेमातून आली?" पार्टनरनं मला मराठीत विचारलं. मला हसू आवरेना. त्याला वाटलं, पटलं आम्हाला.

मग आम्ही युनियनची घटना मागवून वाचली. सगळं ठरायचं वार्षिक सभेत, आणि तिथे दर क्लबला एक मत. रग्बीनं आपली प्रत्येक टीम वेगळा क्लब म्हणून नोंदवलेली. रोइंगनंही तेच केलेलं. आमच्या बॅडमिंटनच्या मुलांच्या आणि मुलींच्या टीमना मिळून मात्र एकच मत. खालीच लिहिलं होतं: दहा सभासद जमले की क्लब स्थापन करता येतो. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

सभेपर्यंत फक्त डबल्स खेळणाऱ्यांचा क्लब निघाला, नवशिक्यांचा निघाला, पीएचडी करणाऱ्यांचा 'दुखऱ्या गुडघ्यांचा बॅडमिंटन क्लब' निघाला आणि माझा लाडका, डावखुऱ्यांचा. बातमी टेबल टेनिसवाल्यांपर्यंत पोचली, तलवारबाजांपर्यंत पोचली. तलवारबाजांनी तर तलवारीच्या दर प्रकारामागे एक क्लब काढला.

सभेत प्रेसिडेंट क्लबांची नावं वाचत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू लांब होत होता. डावखुऱ्यांची हजेरी घेताना तो म्हणाला, "सभासदांनी हात वर करा." आमच्या दहाही जणांनी तत्परतेनं उजवा हात वर केला.



"तुम्ही डावखुरे ना?" त्यानं विचारलं.

"खेळतो डाव्यानं," मी म्हटलं, "पण आमच्याकडे शुभकार्याला उजवाच हात लागतो."

तो आधी लाल झाला, मग इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मागून कोणीतरी ओरडलं, "ही चीटिंग आहे!"

"तुमची थर्ड टीम स्वतंत्र क्लब कशी, तेवढं सांगा," मी म्हटलं. "मी आत्ता डावखुरे बरखास्त करते."

खूप वादावादीनंतर ठरलं: एका खेळाला एकच मत, मिनीबस आळीपाळीनं, प्रवासखर्च युनियनचा. बुडालेल्या शिफ्टची भरपाई मात्र नामंजूर झाली. खेळाडूला पैसे, हे शब्द ऐकूनच सगळे असे दचकले, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. फार तर मॅचच्या तारखा टर्मच्या सुरुवातीलाच कळवायच्या, म्हणजे शिफ्ट बदलून घेता येईल, एवढ्यावर बोळवण झाली. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. ज्यांचं खोलीचं भाडं घरून येतं, त्यांना प्रेमापोटी खेळणं सोपं असतं.

पहिल्याच बुधवारी मिनीबस आमच्या दारात उभी राहिली, आणि लक्षात आलं की ती चालवणारं आमच्यात कोणीच नाही. मी नागपुरात फक्त स्कूटी चालवलेली. शेवटी प्रेसिडेंटनंच त्यांच्या थर्ड टीमचा एक धिप्पाड गडी पाठवला. त्यानं आम्हाला ग्लासगोला नेलं, वाटेत माझे बटाटेवडे संपवले आणि मॅचभर स्टँडमध्ये उभा राहून शटल नेटमध्ये पडलं तरी ओरडून ओरडून टाळ्या वाजवल्या.

"त्याला सांग ना, तो आपली पॉइंट नव्हती," पार्टनर कुजबुजली.

मी नाही सांगितलं. आमच्यासाठी ओरडणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं.