बाबांना दाखवलेला थेंब

आमच्या गावात, मूल तालुक्याकडच्या धानपट्ट्यात, जनावरांना घटसर्पाची लस टोचणारे आले की बाबा बैल घेऊन जंगलात निघून जायचे. टोचल्यावर मान सुजते, मग बैल जू घेत नाही, हे त्यांचं कारण. एका पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, घटसर्पानं आमचा एक बैल गेला. गळा सुजला, श्वास घरघरला, सकाळपर्यंत संपलं. बाबा म्हणाले, "नशीब."

पुढे मी नागपूरला प्रयोगशाळेत शिकायला लागले. काम त्याच रोगाचं. मारलेले जंतू सशांना टोचायचे आणि रक्तात त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात का, ते बघायचं. एकदा बाबा भेटायला आले. सशांसाठी पिशवीभर बांधावरचं कोवळं गवत आणलं होतं. बाहेरचा चारा इथे चालत नाही म्हटल्यावर हिरमुसले. ते गवत शेवटी रस्त्यावरच्या गाईला घातलं.

प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून मी बाबांना टेबलाशी बसवलं. काचेवर मारलेल्या जंतूंचे दोन थेंब ठेवले. एकात लस न टोचलेल्या सशाच्या रक्तातलं पिवळसर पाणी मिसळलं, दुसऱ्यात टोचलेल्या सशाचं. पहिला थेंब तसाच गढूळ राहिला. दुसऱ्यात बारीक पांढऱ्या गाठी झाल्या.

बाबा वाकले. "दूध नासल्यावानी दिसून राह्यलं वं."

"सशाच्या रक्तानं जंतू धरून ठेवले, बाबा. आता खरा रोग आला तरी त्याचं रक्त तयार आहे."

"अन् आपल्या बैलाले टोचलं असतं तं?"

"बहुतेक वाचला असता," मी म्हटलं.

बाबांनी चष्मा पुसला आणि सशाले कुठं टोचता, त्याले दुखते का, एवढंच विचारलं.

पुढच्या पावसाळ्याआधी लसवाले आले, तेव्हा बाबा बैल घेऊन शाळेपुढच्या चिंचेखाली सगळ्यांच्या आधी उभे होते, असं आईनं फोनवर सांगितलं. कोणी तरी म्हणालं, "काऊन भाऊ, यंदा जंगलात नाई गेले?"

"मी डोळ्यानं पाहून आलो," बाबा म्हणाले. "मान सुजते, चार दिसात उतरते. बैल गेला तं परत येत नाई."

आता बाबा नाहीत. गोठ्यात दोन गाई आहेत. लसीच्या आदल्या दिवशी आई मला फोन करून सांगते, उद्या गाई चिंचेखाली न्यायच्या आहेत.