आर्डिसच्या गोधड्या परत आल्या

आर्डिस क्वामे कुणाचीच देणगी नाकारत नसे. मिनेसोटातल्या आमच्या लूथरन चर्चच्या तळघरात गोधड्या शिवणाऱ्या बायकांची ती म्होरकी. चेन तुटलेला कोट, एका पायाचा बूट, कुणाच्या तरी लग्नातला झगा, सगळं घ्यायची. "प्रेमानं दिलंय ना? झालं तर!" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एप्रिलमध्ये नदी फुगली आणि खालच्या अंगाचं बेकर्स फोर्ड गाव बुडालं. आर्डिसने घोड्यांचा ट्रेलर गोधड्या-कोटांनी गच्च भरला आणि गाडी चालवायला मला बसवलं. वाटभर गात होती.

पूरग्रस्तांची सोय शाळेच्या व्यायामशाळेत होती. तिथलं काम बघणारी रेनाटा धावतच बाहेर आली.

"बाई, उतरवू नका, हात जोडते!"

"अगं, सगळं धुऊन आणलंय."

"असेल हो. ठेवू कुठे? आत येऊन बघा तरी."

अर्धी व्यायामशाळा कपड्यांनी छतापर्यंत भरलेली. राज्यभरातून आलेले. त्यांना जागा करायला खाटा बाहेर बोळात काढल्या होत्या. तिथे एक म्हातारी पाय पोटाशी घेऊन पडली होती. आर्डिसकडे बघून म्हणाली, "कोट आणलेत? वा! मग त्यांना आत झोपवा. मी आहे इथे वाऱ्यात."

आर्डिसचा चेहरा लालबुंद झाला.

"तुम्हाला हवंय तरी काय?" तिने रेनाटाला विचारलं.

"पाणी उपसायला पंप, तेही भाड्याने. तळघरं सडताहेत. पैसे पाठवले असतेत तर इथल्याच दुकानातून घेतले असते, दुकानदारही सावरला असता. एक फोन करायचा होतात, बाई."

परतताना ती गायली नाही. ट्रेलर भरलेलाच. आमच्या गावाच्या वेशीवर म्हणाली, "कोठारात ठेवून देऊ. कुणाला कळणार आहे?"

"तू सांगणार नसशील तर मीही सांगणार नाही," मी म्हटलं. "पण पुढच्या पुरालाही हेच करणार आहोत का आपण?"



रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी आणि केक. तिने आत पाऊल टाकताच टाळ्या. हार्लन मो ओरडला, "काय आर्डिस, रडले का लोक आनंदानं?"

ती उभी राहिली. मला वाटलं, आता हसून वेळ मारून नेणार.

"ट्रेलर बाहेर उभा आहे," ती म्हणाली. "भरलेला. त्यांनी उतरवू दिला नाही."

"फुकटचं नको? मिजास बघा!"

"मिजास माझी, हार्लन. त्यांना काय हवंय ते मी विचारलंच नाही. आपली अडगळ त्यांच्या दारात टाकायला निघाले होते आणि वर गाणी म्हणत होते."

कुणी केकला हात लावेना. गोधड्या शिवणाऱ्या बायका खाली बघत बसल्या.

"गोधड्या इथेच लिलावात काढू," ती म्हणाली. "तुम्हीच घ्या. पैसे तिकडे जातील. कोटांचं बघू."

"पैसे म्हणजे बिल भरल्यासारखं वाटतं गं," मागून एक बाई पुटपुटली. "त्यात आपला हात कुठे दिसतो?"

"नाही दिसत," आर्डिस म्हणाली. "मलाही ते जड जातंय."

लिलाव जोरात झाला. हार्लनने सर्वांत महागडी गोधडी घेतली, कुरकुरत का होईना. पैसे हातात आले तेव्हा कुणीतरी म्हणालं, मोठा चेक धरून फोटो काढू. आर्डिसने नुसतं बघितलं त्याच्याकडे.

मग स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरच्या फोनवरून तिने रेनाटाला फोन लावला. आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"मी कोटवाली बाई," ती म्हणाली. "पंपच हवेत ना अजून, की आता दुसरं काही?"