कुणाची हौस?

जगातल्या प्रत्येक माणसानं आपल्या नावाप्रमाणे वागलं पाहिजे अशी माझ्या आत्याची ठाम समजूत होती, आणि जो तसं वागत नाही त्याला चारचौघांत जाब विचारणारी तिच्यासारखी बाई अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरी नसावी. ती कोडोलीला राहायची, आम्ही कोल्हापुरात. दवाखाना, बँक, लग्नकार्य, कशाच्याही निमित्तानं ती आमच्याकडे उतरली की पुढचे काही दिवस मी लोकांची माफी मागत हिंडायची. बँकेतल्या सुहास नावाच्या साहेबांना तिनं काउंटरवरच विचारलं होतं, "सुहास म्हंजे हसरा न्हवं? मग त्वांड का असं, एरंडेल प्याल्यागत?" साहेब हसले नाहीत, पण आमचं काम मात्र चटकन झालं, आम्ही लवकर जावं म्हणून असेल. शीतल नावाच्या डॉक्टरीणबाई एका पेशंटवर खेकसल्या, तर ही तपासायच्या टेबलावर आडवी पडल्या पडल्या म्हणाली, "नाव शीतल, आणि किती तापतीस गं बाई!" त्यानंतर दुसरा दवाखाना शोधण्याचं पुण्यकर्म अर्थातच माझ्याकडे आलं. माझं नाव सुगंधा. तेही तिनंच ठेवलेलं, कारण बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. मला लहानपणापासून बारमाही सर्दी. पण "सुगंध दुसऱ्यानं घ्यायचा असतोय पोरी, आपण न्हाय," असा निकाल देऊन तिनं स्वतःला निर्दोष सोडलं होतं.

तिचं स्वतःचं नाव हौसाबाई. तिच्या पिढीत आमच्याकडे हे नाव गल्लोगल्ली सापडायचं. हौसेनं मागून घेतलेली लाडाची लेक, ती हौसा. या अर्थाला जागण्यासाठी आत्या अपार कष्ट उपसायची. गिरणीत दळण टाकायला जातानाही नाकात नथ. बेंदराला बैलांचा मान असतो, पण हिच्याकडे बैल नव्हते, म्हणून ती म्हशीलाच नटवायची आणि शिंगांना गोंडे बांधून तिचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला लावायची. म्हशीची मुद्रा पाहता तिला हा सन्मान झेपत नसावा. "कशाला एवढं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नावाला जागाय नगं?"

माझ्या भावाला दुसरी मुलगी झाली तेव्हा आत्या बारशाला आली. या खेपेला नाव ठेवायचा मान माझा होता; म्हणजे वहिनीनं मोबाइलवरून निवडलेलं नाव मी फक्त कानात सांगायचं होतं. नाव होतं अनायरा.

"म्हंजे काय रं?" आत्यानं भावाला विचारलं.

"आनंद म्हणे. कुठल्याशा परदेशी भाषेत."

"आनंद व्हय? मग आनंदी ठिवा की. आनंद आणाय एवढ्या लांब कशाला गेलासा?"

वहिनीचा चेहरा पडला. आता बारसं संपेपर्यंत आत्याला स्वयंपाकघरात कसं गुंतवावं, याचा मी विचार करत होते. एवढ्यात जिलेबीवर ताव मारणारे वहिनीच्या माहेरचे एक पाहुणे मोठ्यानं म्हणाले, "दुसरी बी लेकच न्हवं? नकुसा ठिवा! पुढच्या खेपंला पोरगं बघा."

चारदोन माणसं हसली. वहिनी पाळण्याची दोरी धरून तशीच उभी राहिली. आत्या ताड्‌दिशी उत्तर देईल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती पाळण्याकडे बघत होती.

मग ती सावकाश म्हणाली, "पावणं, माझं बी त्येच नाव ठरलं हुतं. घरात आधीच पोरी. आज्जानं पाळण्याकडं बघितलं बी न्हाय. म्हणाला, नकुसा म्हणा आन् मोकळं व्हा. माझी आत्या नेसरीस्नं आलती. तिनं कानात कुर्र केलं, आन् सगळ्यांम्होरं वरडली, हौसा! आज्जा उठला की अंगावर. कुणाची हौस गं ही? तर म्हणाली, माझी."

पाहुण्यांनी हातातली जिलेबी हळूच ताटात ठेवली.

आत्या माझ्याकडे वळली. "तू आत्या हाईस न्हवं? मग बग काय ती."

मी वाकले. त्या इवल्याशा कानात काय सांगायचं हे पाठ होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच, आणि तेही चांगलं मोठ्यानं. हौसा. आता वहिनी कायमचं बोलणं टाकणार, अशा तयारीनं मी मान वर केली. वहिनी पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, "कागदावर अनायरा राहू दे ताई. पण घरात हेच."

त्यानंतर आत्या महिन्यातून एकदा तरी कोल्हापूरला येऊ लागली. "माझ्या नावाची कशी हाय बगाय आलोय," म्हणायची, आणि पोरीला मांडीवर घेऊन तिच्या पिटुकल्या नाकाला स्वतःची नथ लावून पाहायची. पोर नथ तोंडात घालायची. याला आत्या हौस म्हणायची.

आत्या जाऊन आता वर्ष झालं. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे कोडोलीला गेलो होतो. जेवणं उरकली, गाडीत सामान ठेवून झालं, आणि पोर कुठं दिसेना. मी दारात उभी राहून हाक मारली, "हौसाऽऽ!"

परड्यातून धुळीनं माखलेली पोर धावत आली. आणि समोरच्या घरातून काठी टेकत एक म्हातारी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. "व्हय की! कोन हाक मारतंय?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी हाक नक्की कुणाला मारली होती, हे मलाच त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं.