जावई दिला, बोलर घेतला

मावशीचा जावई मी एका डावखुऱ्या बोलरच्या बदल्यात देऊन टाकला. वर एक हेल्मेटही घेतलं.

मी मूळचा तासगावचा, नववीत शाळा सोडलेला. झाशीत फौजी वर्दी शिवणाऱ्या दुकानात काम मिळालं आणि खंडेराव गेटजवळ आईच्या चुलतबहिणीकडे, म्हणजे मावशीकडे, राहायला खोली. भाडं घेत नाहीत, वर पोळी न विचारता वाढतात. अशा घरात माणूस सुखानं राहील. मी धास्तीनं राहायचो. आपला उपयोग संपला की तासगाव!

मावशीचे यजमान, म्हणजे काका, गेटच्या क्रिकेट टीमचे मॅनेजर. पावसाळ्यात मैदानाचं तळं झालं की मोहल्ले आपापसांत खेळाडू बदलतात. मारुतीपुढे नारळ फुटला की सौदा पक्का. समोरचा राजी असेल तरच मोडतो.

"मी समथरला जाऊन येतो," काका म्हणाले. "दिवाळीच्या टूर्नामेंटला कोण ठेवायचा, कोण द्यायचा, तू ठरव. महाराष्ट्रातून आलायस, तुला क्रिकेट कळणारच!"

(तासगावात मला द्राक्षं कळायची.)

तरी मी मन लावून विचार केला. आमचे ओपनर श्रीकांतराव, मावशीचे नवे जावई. बचाव असा भक्कम, की ते आउट होत नाहीत आणि रनही होत नाही! उलट लक्ष्मी गेटचा राजू दांड्या उडवतो. खेळाडू म्हणून मी श्रीकांतरावांना नीट पारखलं. जावई म्हणून बघायचं तेवढं राहून गेलं.

काका परतले, तेव्हा घर पेटलेलं होतं.

"जावई दिलास? नारळ फोडून?" मावशी कडाडली. "अरे, नारळ देऊन आपण मुलगी देतो! जावई कोण देतं?"

"और बदले में मिला क्या?" मावशीच्या लेकीनं, मधूताईनं, डोळे पुसत विचारलं.

"राजू. आणि हेल्मेट."

"नवीन आहे का?" काका पुटपुटले. मावशीनं नुसतं बघितलं.

तेवढ्यात श्रीकांतरावांचा फोन. "मी आता लक्ष्मी गेटचा. पहिला दिवाळसण तिकडेच करतो म्हणावं!"

"त्यांना परत आण," मावशी मला म्हणाली, "नाहीतर..."

पुढचं ती बोललीच नाही. मी मनात तासगावचं तिकीट काढलं.

काकांना घेऊन लक्ष्मी गेट गाठलं. तिथले मॅनेजर पप्पू भैया दुकानात पान लावत बसले होते.

"राजू वापस ले लो, भैया," मी म्हणालो.

"ना. दामाद जी तो खंभा हैं, खंभा! हिलते ही नहीं."

आता घरी कुठल्या तोंडानं जायचं? "तो मुझे भी रख लो. टीम चुन दूँगा."

बोलून तर गेलो. हो म्हणाले तर ती न मागता मिळणारी पोळी संपली!

पप्पू भैयांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"जो अपना दामाद दे आया, वो हमारा क्या-क्या दे आएगा! काका जी, राजू छोड़ जाओ, दामाद जी ले जाओ. और इसको तो पहले ले जाओ!"

घरी काकांनी सगळं साभिनय सांगितलं. मावशी हसून हसून खाली बसली. मग उठून तिनं माझं ताट घेतलं.

"मावशी, मला घालवणार होतीस ना?"

"वेड्या, 'नाहीतर मीच जाते आणायला' म्हणणार होते. रडू आलं म्हणून थांबले."

तिनं पोळी वाढली. घरातल्या प्रत्येकाचा उपयोग मोजत बसलेला मी एकटाच होतो. एवढ्या हिशेबातून हाती काय लागलं? बाजारात फुकटही न खपणारा माल म्हणून मी त्या घरात कायमचा झालो!