दादांची पातळ भज्जी

गेल्या हिवाळ्यात दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसत नाही, म्हणून तोवर ते लातूरजवळच्या मुरुडहून नांदेडला आमच्याकडे राहायला आले. आई त्याच वर्षी गेली होती. "माझं मी बघतो," म्हणत ते मुरुडच्या घरात एकटेच राहत होते.

डॉक्टर म्हणाले, मऊ आणि पातळ द्या, सूप द्या. मी पाकिटातलं टोमॅटो सूप केलं. दादांनी एक चमचा घेतला आणि वाटी बाजूला सारली.

"हे काय पाजायलास मला? सरबत हाय का काढा?"

मग दूधभात झाला, वरणभात झाला. चार घास खाऊन ते उठायचे. बंडी अंगावर ढगळ दिसायला लागली.

बायकोची शाळा सकाळची, माझं कॉलेज दुपारचं. सकाळभर घरात आम्ही बापलेकच, आणि आम्हा दोघांनाही फार बोलायची सवय नाही. एकदा मी सरळ विचारलं, "दादा, खावंसं तरी काय वाटतंय?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग म्हणाले, "येळवस होऊन गेली, न्हाई का?"

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, आमच्या लातूरकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं आणि त्या जेवणात भज्जी असतेच. ही तळलेली भजी नव्हे. हिरवे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून, बेसन लावून केलेली घट्ट भाजी. आई गेल्यानंतरची ती पहिली येळवस. कुणीच शेतात गेलं नव्हतं.

"भज्जी करू या का? पातळ करू," मी म्हणालो.

"तुला येती?"

"न्हाई."

"मला बी न्हाई." आणि ते हसले, तोंडावर हात धरून.

मी बाजारातून तुरीच्या शेंगा, पावटा, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, गाजरं, मेथी, पालक असं पिशवीभर आणलं. दादा जमिनीवर पेपर पसरून सोलायला बसले. मी गाजरं आणि पालक चिरून घेतला. दाणे आणि गाजरं कुकरला लावली आणि मधल्या सुट्टीत बायकोला फोन केला.

"चिंचेच्या पाण्यात बेसन कालवा. आणि अहो, गुठळ्या आधीच मोडा," ती घाईघाईनं म्हणाली. "दादा काय करतायत?"

"मेथी निवडतायत."

"दादा? मेथी?" तिनं पुन्हा विचारलं.

लसूण-मिरचीच्या फोडणीवर पालेभाज्या टाकल्या, शिजलेले दाणे टाकले, बेसन सोडलं. बघता बघता सगळं पिठल्यासारखं आळायला लागलं. "पाणी वत, पाणी!" दादा ओरडले. मी गरम पाणी ओतत गेलो आणि त्यांनी माझ्या हातातला डाव घेऊन दाणे पातेल्याच्या कडेला रगडायला सुरुवात केली.

"तुझ्या आईनं कधी मला चुलीपाशी येऊ दिलं न्हाई," ते हळूच म्हणाले. "मी बी कधी गेलो न्हाई म्हणा."

मी खालून लागू नये म्हणून गॅस बारीक केला.

वाटी तोंडाला लावूनच ते प्यायले. डोळ्यांत पाणी आलं; मिरचीचं असेल.

"तिच्यासारखी न्हाई झाली," त्यांनी वाटी पुढं केली. "पण वाढ अजून."

मग रोज सकाळी तेच सुरू झालं. कधी पालकाऐवजी चुका, कधी भिजवलेली चवळी. कवळी बसायची वेळ आली तोवर ते मला स्वयंपाकघरात लुडबूडसुद्धा करू देईनात.

दादा मुरुडला परतले. यंदा येळवसेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "दोघं बी शेतात या. सैपाक मी करायलोय."

आम्ही गेलो तेव्हा तीन दगडांच्या चुलीवर पातेलं रटरटत होतं. या वेळी भज्जी घट्ट होती. बायकोनं पहिला घास घेतला आणि तिला ठसका लागला.

"दादा, मिरची!"

"ताक पी," दादा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून स्वतः जेवायला बसले.