मांसाहारी पाककृती

ऑफिसातल्या मैत्रिणीने एक कादंबरी डब्याच्या पिशवीतून दिली आणि म्हणाली, "घरी वाच. आणि कव्हर घाल." मी घातलं. खाकी, कोपरे दुमडून, शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं. कव्हर घातलं की लेबल आलंच. सुवाच्य अक्षरात 'मांसाहारी पाककृती' लिहिलं आणि पुस्तक स्वयंपाकघरातल्या फळीवर इतर पाककृतींशेजारी लावलं. वस्तू जागच्या जागी असली की कुणालाही सापडते, हे माझंच वाक्य.

नायक गडगंज. नायिकेने काय नेसायचं, कधी जेवायचं, कुणाशी बोलायचं, सगळं तोच ठरवी. मला संताप येई, आणि त्याच भरात मी पुढचं प्रकरण काढी. पण खोलीचं दार लागलं की हाच माणूस पावलोपावली थांबून विचारायचा, "चालेल तुला?" ती पानं मी सावकाश वाचली.

आमच्याकडे त्या खात्यात सामसूम होती. आमचे हे घोरतात, म्हणून दिवाळीआधी मी पलंगावरची यांची गादी हॉलमध्ये हलवली होती. झोप सुधारली. पलंगाच्या उघड्या पडलेल्या फळीवर मी इस्त्रीचे कपडे रचू लागले. सोय उत्तम होती. पण पहाटे जाग आली की शेजारी शर्टांची चळत दिसे, आणि यांना परत कसं बोलवावं ते सुचत नसे.

एका रविवारी हे भिगवणहून चिलापी घेऊन आले, तेव्हा मी भाजी आणायला गेले होते. परतले तर मासे ओट्यावर तसेच आणि हे चष्मा लावून खुर्चीत, हातात खाकी पुस्तक.

"मसाला बघावा म्हणून काढलं," हे म्हणाले. "ह्यात मासा कुठंच न्हाय."

हे मूळचे बावड्याचे. बारामतीत जपून बोलतात, पण मजा वाटली की बावड्याची बोली बाहेर येते.

"माणूस वाईट आहे तो," मी घाईने म्हणाले. "सारखा हुकूम सोडतो."

"सोडतो की. पर त्यो तिला तू म्हणतो आन् विचारतो. तू मला अहो म्हणती आन् सांगती. अहो, टाकी बघा. अहो, गादी उचला."

मी मासे धुवायला घेतले.

जेवताना धीर केला. "अहो, गादी आत आणा."

"सांगतीस का विचारतीस?"

"विचारते."

"मग नीट विचार."

नीट म्हणजे काय, शेवटी एक 'का' लावायचा. तेवढ्यालाही मला पाणी प्यावं लागलं. "आत याल का?"

"न्हाय," हे म्हणाले आणि माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग माझ्याकडे बघून, "चिडू नगं. न्हाय म्हणता येतंय का, ते बघत व्हतो."

कामाची आखणी करताना मी उशीर, पाहुणे, वीज जाणं, सगळं धरते. नकार कधी धरलाच नव्हता. मी ताटं उचलली.

दुपारी खोलीत गेले, तर कपड्यांच्या चळतीवर यांची उशी. हे दारात उभे.

"उशी आणली हाय. गादीचं बघू."

'फळी टोचेल, आधी गादी आणा,' हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी विचारलं, "चालेल तुम्हाला?"

"चालंल की. घोरल्यालं चालंल का तुला?"

मी लगेच हो म्हणाले नाही. खोटं कशाला बोला. पण कपडे उचलून कपाटात ठेवायला घेतले.