भावाच्या बागेचा रस्ता

संत्रं सोललं की सालीचा तो झणझणीत वास नाकात जातो आणि मी पुन्हा आमच्या ग्रामपंचायतीच्या सभेत जाऊन बसते. मी तेव्हा सदस्य होते. शेतांकडे जाणाऱ्या दोन पांदण रस्त्यांपैकी आधी कोणता पक्का करायचा, हे त्या दिवशी मतांवर ठरणार होतं, आणि त्यातला एक थेट माझ्या भावाच्या बागेशी जाऊन थांबत होता. टेबलावर संत्री ठेवली होती, तीही त्याच्याच बागेतली. मी उभी राहिले. म्हटलं, "ती बाग माह्या भावाची आहे, असं बहीत लिवा. मी मत देत नाही." ग्रामसेवक हसले, "ताई, साऱ्या गावाले मालूम आहे. लिवता कायले?" मी म्हटलं, "गावाले मालूम आहे, बहीले नाही. लिवा." त्यांनी सभेच्या नोंदवहीत लिहिलं, मी वाचून पाहिलं आणि बाहेर निंबाखाली जाऊन बसले. आत भावाचा रस्ता एका मतानं पडला. दरवर्षी त्याच्याकडून संत्र्यांचं पोतं यायचं, त्या वर्षापासून आलं नाही. आता वरुडच्या बाजारातून विकत आणते. एखादं आंबट निघतं, तरी शेवटच्या फोडीपर्यंत खाते.